बेळगाव उद्यमबाग: बिनपाटीचं वर्कशॉप आणि ‘नव्या’ इंजिनाची स्पिटफायर

पाटी नाही, मॅपवर पिन नाही. वर मालकांची अट अशी: ‘अक्का, लिहा काय लिहायचं ते, पण नाव-नंबर घालू नका. आहेत त्याच गाड्या उरकंनात.’ त्यामुळे हे परीक्षण नावाशिवायच वाचावं लागेल. तरी जागा सापडायला अवघड नाही. बेळगावात तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रोडने उद्यमबागेत शिरलात की कुठल्याही क्रँक ग्राइंडिंगवाल्याला ‘हेराल्डवाले मिस्त्री’ विचारा (हेराल्ड ही जुनी मोटारगाडी). तो हातातलं काम न सोडता मानेनेच दिशा दाखवेल. पत्र्याची शेड, दाराशी पोट उघडलेला एखादा ट्रॅक्टर, आत एक लेथ, एक लांब टेबल आणि टेबलावर मात्र ऑपरेशन थिएटरमध्ये शोभेल अशी स्वच्छता.

ज्यांना एवढंच वाचायचंय त्यांच्यासाठी गुण आधीच देऊन टाकते. इंजिनाचं दुखणं शोधण्यात पाचपैकी पाच. वेळ पाळण्यात दोन. बसायच्या सोयीत शून्य, तिथे खुर्चीच नाही.

मी निपाणीत करसल्लागार आहे. इंजिनातलं मला कळतं ते वडिलांच्या मागे मागे फिरून, आणि बिलातलं कळतं ते पोटापाण्यासाठी. गाडी वडिलांचीच. ट्रायम्फ स्पिटफायर मार्क टू, १९६६ सालची, ११४७ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, कंपनीच्या कागदावर ६७ हॉर्सपॉवर. दोन माणसांची, उघड्या टपाची, मिकेलोत्ती या इटालियन माणसाने आखलेली. अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलतं, त्यामुळे चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. आमच्या तंबाखूच्या वखारीत ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली होती. सरकारने २०२१ साली नियम केला की पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदवता येईल, तेव्हा म्हटलं, आता हिला रस्त्यावर काढूच. त्यासाठी एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या गॅरेजात इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधून घेतलं. बिल चार पानांचं, दोन लाखांच्या वर.

आणि गाडी आली ती वखारीत होती तेव्हापेक्षा आजारी.

तक्रारी एकेक सांगते, कारण पुढे त्यांचाच हिशेब आहे. साडेतीन हजार आरपीएमच्या वर मिसिंग, म्हणजे इंजिन मधेच ठोके चुकायचं. चढाला दम नाही, निपाणीजवळचा तवंदी घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढायचा आणि मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारणार. घाट उतरून खाली सपाटीला अॅक्सिलरेटर दाबला की मागे निळ्या धुराचा लोट. इंजिन तापलं की ऑइलच्या दाबाचा काटा पंधरा पौंडांवर येऊन लोळायचा. सिग्नलला क्लच दाबून थांबलं की इंजिनाचा आवाज बदलायचा, कधी बंदच पडायचं. रेडिएटरमध्ये दर आठवड्याला पाणी कमी, आणि पुढच्या बाजूने ऑइलची गळती तर रोजची. गॅरेजवाल्यांना फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘मॅडम, रनिंग-इन होऊ दे, बसेल सगळं.’ पुढे पुढे तर ‘जुन्या गाड्या अशाच असतात’ एवढ्यावर आलं.

कोल्हापूरच्या एका जुन्या गाडीवाल्याने उद्यमबागेचा पत्ता दिला. त्याचं कारण ऐका. स्पिटफायर इंग्लंडची असली तरी तिचं इंजिन आपल्याकडे अनोळखी नाही. स्टँडर्ड कंपनीने १९५३ च्या ‘एट’ या छोट्या गाडीसाठी ८०३ सीसीचं जे इंजिन काढलं, त्याचाच वंश वाढत वाढत हेराल्डमध्ये ९४८ झाला आणि स्पिटफायरमध्ये ११४७. आणि हेराल्ड तर १९६१ पासून मद्रासला बनत होती. आमचे मिस्त्री पोरवयापासून हेराल्ड आणि नंतरच्या गॅझेलच उघडत आलेत. त्यामुळे बॉनेट कलवल्यावर त्यांच्या तोंडून निघालं ते ‘अरे, ही आपलीच की!’

मला वाटलं आता पाने निघतील. तसं काही झालं नाही. मिस्त्रींनी विचारलं, ‘मागचं बिल आणलंय?’

हा प्रश्न मला आजवर कुठल्याही गॅरेजात कुणी विचारलेला नाही. बिल दिलं. त्यांनी चष्मा लावून चारही पानं टेबलावर पसरली, कानामागची सुताराची पेन्सिल काढली आणि एकेक ओळ मोठ्याने वाचून घेतली. नवे रिंग. नवे मेन आणि बिगएंड बेअरिंग. नवे थ्रस्ट वॉशर. नवी टायमिंग चेन आणि चक्रं. हेड फेसिंग (हेड घासून सपाट करणं), नवे व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या), हेड आणि ब्लॉकमधलं नवं गॅस्केट. नवी कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी). सगळे ऑइल सील. ‘म्हणजे एवढ्या जागी कुणाचा तरी हात लागलाय. आता कुठला हात चुकलाय ते बघू. उघडायची गडबड नको.’ आमच्या धंद्यात व्हाउचर पडताळणी करतात तेच हे. कागद म्हणतो ते खरं आहे का, एवढंच बघायचं.

या तपासणीचे त्यांनी साडेसात हजार सांगितले, काम त्यांना दिलं नाही तरी द्यायचे. आधी जरा जड वाटतील. पण त्या पैशात काय मिळतं ते सांगते.

पहिल्यांदा गार इंजिनाचं चेंबर, म्हणजे तळाची ऑइलची टाकी, रिकामं केलं. ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळलं आणि फडक्याखाली चुंबक फिरवला. फडक्यावर दोन प्रकारची चमक होती. पितळी रंगाची चुंबकाला दाद देत नव्हती, राखाडी चमक मात्र त्याच्यामागे सरकत होती. शिवाय एक विचित्र वस्तू: मुगाएवढ्या निळ्या रबरी गोळ्या. मिस्त्रींनी एक गोळी चिमटीत दाबली, माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत आणि बिलावर ‘ऑइल सील’ समोर प्रश्नचिन्ह केलं.

मग क्लच. पुढच्या पुलीवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं) लावलं, आपल्या पुतण्याला आत बसवून क्लच दाबायला सांगितलं. काटा फिरला आणि पुली डोळ्यांना दिसेल एवढी रेडिएटरकडे सरकली. ‘नोड्री अक्का, नोड्री!’ (बघा अक्का, बघा!) असं ओरडून पुतण्याने परत परत दाबून दाखवलं, जणू त्याचाच पराक्रम. या इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, पुढे-मागे सहा-आठ थाऊ सरकला तर चालतं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, उद्यमबागेत सगळे याच मापात बोलतात. इथे तीस थाऊ. नवे थ्रस्ट वॉशर घातलेल्या इंजिनात एवढी ढिलाई असूच शकत नाही.

हे जरा नीट सांगते, कारण ज्यांच्याकडे हेराल्ड, गॅझेल किंवा या घराण्यातली कुठलीही गाडी आहे त्यांनी ते घरी तपासावं. क्लच दाबला की सगळा रेटा क्रँकला पुढे ढकलतो. तो अडवायला मागच्या मेन बेअरिंगच्या दोन्ही अंगांना अर्धचंद्राच्या आकाराचा एकेक वॉशर असतो, बस्स. त्याची एक बाजू पोलादाची आणि दुसरी मऊ धातूची, खाचा असलेली. खाचांची बाजू क्रँककडे हवी, म्हणजे तिथे ऑइल टिकतं. उलटा बसवला तरी तो त्या जागी तितकाच चपखल बसतो, इंजिन सुरू होतं, गॅरेजमधून गाडी बाहेरही पडते. पण पोलादावर पोलाद घासायला लागतं. झिजत झिजत तो पातळ झाला की एके दिवशी घसरून चेंबरमध्ये पडतो आणि मग क्रँक थेट ब्लॉक खायला लागतो. त्यानंतर ब्लॉक भंगारात. पुलीकडे बघत कुणाला तरी क्लच दाबायला लावायचं, एवढीच तपासणी. हत्यार लागत नाही.

काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजताना मिस्त्री म्हणाले, ‘आकडा किती ते महत्त्वाचं नाही, चौघांत फरक किती ते महत्त्वाचं.’ बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, इथे हवा विरळ, त्यामुळे गेज पुस्तकातल्यापेक्षा थोडं कमीच दाखवणार, हेही त्यांनीच सांगितलं. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, चारही प्लग काढून घेतलेले आकडे असे: १२५, ८५, ८०, १२५. मग प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल घालून पुन्हा. रिंग खराब असतील तर ऑइलने फट भरते आणि आकडा चांगलाच वर जातो. इथे पहिल्या-चौथ्याचा किंचित वाढला, मधल्या दोघांचा जागचा हलला नाही. बिलावर ‘रिंग’ समोर बरोबरची खूण झाली. त्या गॅरेजने हे काम नीट केलं होतं, आणि मिस्त्रींनी ते तसं कबूलही केलं. मला हे फार आवडलं. दुसऱ्याचं सगळंच वाईट म्हणून अख्खं इंजिन उतरवायला लावणारे कमी नाहीत.

मधले दोन शेजारी एकदम कमी, म्हणजे दोघांमधली गॅस्केटची पट्टी गेली असणार हा अंदाज मलाही आला असता. पण अंदाजावर ते थांबले नाहीत. दुसरा पिस्टन काँप्रेशनला टॉपवर आणून त्या प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. आता कान द्यायचे. हवा ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंग, कार्ब्युरेटरमधून तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून तर एक्झॉस्ट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट पाण्याच्या बाजूला गेलेलं. मिस्त्रींनी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद तिसऱ्या सिलिंडरच्या भोकावर धरला. कागद फडफडला. रेडिएटरमध्येही एकेक बुडबुडा यायला लागला. ‘आता हेड काढायला कारण मिळालं.’

तरी हेड लगेच काढलं नाही, आणि इथे माझा धीर सुटत चालला होता. कारण पहिल्या आणि चौथ्याचे १२५ सुद्धा त्यांना पटत नव्हते. रिंग चांगले, व्हॉल्व्हमधून हवा जात नाही, मग एवढे कमी का? त्यांनी टॅपेट कव्हर उघडलं. क्रँक फिरवून पहिल्या सिलिंडरला काँप्रेशनच्या टॉपवर आणलं. त्या क्षणी चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह, एक मिटता मिटता आणि एक उघडता उघडता, सारखेच खाली असायला हवेत. इथे एक्झॉस्ट चांगलाच दाबलेला होता आणि इनलेटने अजून डोळा उघडला नव्हता. म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा कॅम उशिरा चालत होता, चेन एक दाता चुकलेली. कॅमचा एक दाता म्हणजे क्रँकवर वीस अंशांच्या आसपास. इनलेट उशिरा मिटतो, आत घेतलेली हवा पिस्टन वर येताना थोडी परत बाहेर ढकलतो, दाब पडतो, खालच्या वेगाला जीव राहत नाही. तवंदीचं उत्तर इथे होतं.

चूक का झाली तेही पुढचं कव्हर काढल्यावर कळलं. जुन्या चक्रांवर कारखान्यातल्या खुणा कोरलेल्या असतात, त्या जुळवल्या की झालं. नवं चक्र कोरं होतं. त्यात ट्रायम्फच्या कॅमच्या चक्राची एक गंमत आहे: बोल्टांसाठी भोकांच्या दोन जोड्या असतात, आणि त्या मुद्दाम अशा अंतरावर की चक्र नव्वद अंश फिरवून लावलं तर अर्ध्या दात्याचा फरक पडतो, पालथं केलं तर पाव दात्याचा. म्हणजे टायमिंग बारीक जुळवायची सोय. पण ज्याला ही सोय माहीत नाही, त्याच्यासाठी तो सापळाच. मिस्त्रींनी चक्र नव्याने जुळवून झाल्यावर खिळ्याने स्वतःची खूण कोरली आणि म्हणाले, ‘पुढच्याला शिव्या द्यायला कारण नको.’

मिसिंगचं मूळ मात्र इंजिनात नव्हतंच. सगळ्यांनी आतापर्यंत पॉइंट बदलले होते, काँडेन्सर बदलला होता, प्लग बदलले होते. मिस्त्रींनी तीच सुताराची पेन्सिल घेतली. प्लगच्या वायरचं टोक रबरी मुठीच्या पकडीने प्लगपासून पाव इंचावर धरलं आणि मधोमध पेन्सिलचं शिसं. शेडचा दिवा घालवला. इंजिन चालू असताना शिसाच्या एका अंगाला बारीक नारिंगी पिसारा दिसतो, तो प्लगच्या बाजूला हवा. इथे तो वायरच्या बाजूला होता. (घरी करू नका, झटका जबर असतो. मिस्त्रींना बसलेला मी पाहिला आहे.)

अर्थ असा: मार्क टूची बॅटरी उलट्या पद्धतीची, तिचं धन टोक बॉडीला जातं. अशा गाडीत कॉईलचं धन टोक डेलकोकडे (ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे) हवं. आजच्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसाने सवयीने ऋण टोक तिकडे जोडलं. गाडी चालते, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण ठिणगी प्लगच्या तापलेल्या मधल्या टोकाकडून न निघता बाहेरच्या थंड टोकाकडून निघते, त्यासाठी जास्त व्होल्टेज लागतं, आणि इंजिनावर भार आला की कॉईल कमी पडते. दोन वायरींची अदलाबदल. मिसिंग तिथल्या तिथे निम्म्याहून कमी झालं. उरलेलं गॅस्केट आणि टायमिंगबरोबर गेलं.

निळ्या धुराचं निदान तर त्यांनी गाडी न बघता, माझ्या सांगण्यावरूनच केलं होतं. ‘चढाला धूर येतो का उतारानंतर?’ उतारानंतर. ‘मग गाईड.’ उताराला गाडी गिअरमध्ये आणि पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला असला की इंजिन जोरात हवा ओढत असतं, ढिल्या गाईडमधून ऑइल आत खेचलं जातं आणि खाली पाय दिला की सगळं एकदम जळतं. रिंग गेले असते तर चढाला, भाराखाली सतत धूर दिसला असता. हेड काढल्यावर गाईड पाहिले: जुनेच. बिलात नवे, पैसे नव्यांचे. बिलावर फुली. हिशेब तपासणाऱ्या बाईला याहून जास्त राग कशाचा येणार? चुकून दाता हुकला हे मी समजू शकते, न घातलेल्या वस्तूचे पैसे लावणं ही वेगळी गोष्ट. त्या गॅरेजला मी फुल्या मारलेल्या बिलाची प्रत पाठवली आहे. उत्तर यायचंय.

हेड फेसिंग खरंच केलेलं होतं, पण ब्लॉककडे कुणी बघितलं नव्हतं. स्टड वर्षानुवर्षं आवळून आवळून त्यांच्या भोकांभोवतीचं लोखंड किंचित वर उचललं गेलं होतं. सरळ पट्टी ठेवली की खालून फिलर गेजचं पान सरकायचं. अशा उंचवट्यांवर नवं गॅस्केट मधे दाबलं जात नाही, म्हणून दोन-तीनच्या मधली पट्टी जळाली. स्टड काढून भोकांच्या कडा किंचित खोल केल्या, ब्लॉकचा माथा घासून सपाट केला. काम छोटं, फरक मोठा.

आता त्या निळ्या गोळ्या. या इंजिनाच्या पुढच्या टोकाला, क्रँकखाली, अॅल्युमिनियमचा एक ठोकळा असतो आणि त्याच्या दोन्ही कडांच्या फटी बंद करायला कंपनीने चक्क लाकडाच्या पाचरी दिल्यात. होय, इंजिनात लाकूड. सील लावून ठोकायच्या आणि वर आलेला भाग चेंबरच्या पातळीला कापायचा. मागच्या गॅरेजला त्या पाचरी सापडल्या नसाव्यात किंवा पटल्या नसाव्यात. त्यांनी तिथे आणि चेंबरच्या सगळ्या कडेला सिलिकॉनचा चिकट थर भरभरून लावला. बोल्ट आवळल्यावर जेवढा बाहेर आला तेवढाच आतही गेला, सुटला, आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसला. ऑइल गार असताना दाब ठीक दिसायचा, तापल्यावर काटा लोळायचा, तो जाळी निम्मी बुजल्यामुळे. मिस्त्रींनी जाळी माझ्या हातात दिली. चिमट्याने एकेक गोळी काढायला मीच बसले, जमिनीवर, कारण वर लिहिलंच आहे, खुर्ची नाही. पाचरी त्यांनी पॅकिंगच्या खोक्याच्या मऊ फळीतून तासून घेतल्या. गळती थांबली. थेंबभर येतो, पण तो या गाड्यांचा हक्क आहे.

थ्रस्ट वॉशर काढले तेव्हा दोन्ही उलटे निघाले, आणि क्रँकच्या तोंडावर चरे. क्रँक शेजारच्याच ग्राइंडिंगवाल्याकडे गेला, तोंड जेवढ्यास तेवढं साफ झालं आणि पाच थाऊ जाड असलेले वॉशर इंग्लंडहून मागवले. वस्तू स्वस्त, टपाल आणि कस्टम मिळून तिच्या कित्येक पट. बसवल्यावर क्रँकची हालचाल सात थाऊ.

आजची स्थिती: चारही सिलिंडर दीडशेच्या आसपास, एकमेकांपासून पाच पौंडांच्या आत. तापलेल्या इंजिनाला दोन हजार आरपीएमला ऑइलचा काटा पन्नासवर. बेळगाव सोडल्यावर काकती, वंटमुरी, हत्तरगी, संकेश्वर असं महामार्गाने येऊन तवंदी घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढले. मागे हॉर्न नाही. उतरून पाय दिला तर आरशात निळं काही नाही. एकूण खर्च, तपासणी आणि सुटे भाग धरून, मागच्या बिलाच्या निम्म्याहून कमी.

आता तक्रारी. वेळ. गाळप हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवाल्यांचा पहिला मान, तुमची गाडी कोपऱ्यात. मिस्त्री हे लपवत नाहीत: ‘तुमची हौस, त्यांचा ऊस.’ पटतं, पण ताडपत्रीखालच्या गाडीकडे बघून पोटात कालवतं ते कालवतंच. फोन उचलत नाहीत. निरोप चहावाल्याकडे ठेवायचा, तो बिनचूक पोचतो. पेंट, हूड, सीट असलं काही विचारू नका, तोंड वाकडं करतात.

आणि एक गोष्ट अजून बाकी आहे. निवांत उभी असताना गाडी एकसारखी चालत नाही, काटा हजारावर थरथरतो. दोन्ही कार्ब्युरेटरच्या बटरफ्लायच्या (हवेच्या झडपेच्या) दांड्या आणि बुश झिजलेत, तिथून हवा आत जाते. मिस्त्रींनी कानाला रबरी नळी लावून दोघांचा श्वास जमेल तेवढा जुळवून दिला, पण तेवढ्याने ते मिटणारं नाही हेही स्पष्ट सांगितलं. एसयू कार्ब्युरेटरवर त्यांचा हात इंजिनाइतका बसलेला नाही, हे माझं मत. ज्यांना तेवढंच काम आहे त्यांनी दुसरीकडे बघावं. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र त्यांनी न सांगता बदलल्या, हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं म्हणून. जुनी नळी बोटाने दाबली तर ओल्या पापडासारखी दबली. शिशाचं पेट्रोल २००० सालीच बंद झालं, तेव्हा एक्झॉस्टच्या सीट कठीण धातूच्या घालून घ्याव्यात असंही ते म्हणाले. पुढच्या वेळी हेड निघेल तेव्हा.

जायचं असेल तर गाळप संपल्यावर जा, सकाळी जा, आणि मागच्या कामाचं बिल, काढलेले जुने भाग, असतील नसतील ते फोटो बरोबर न्या. लक्षणं कागदावर लिहून न्या: कधी, कुठल्या गिअरला, गार असताना की तापल्यावर. ‘गाडी बरोबर चालत नाही’ एवढंच सांगितलंत तर मिस्त्री आधी चहा मागवतात आणि मग एकेक प्रश्न विचारत तासभर घेतात. पैसे रोख किंवा यूपीआयने. जीएसटीचं बिल हवं असेल तर पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, नंतर मागितलं की मिस्त्री पुतण्याकडे बोट दाखवतात आणि पुतण्या नेमका त्या दिवशी रजेवर असतो.